दुर्लक्षित जागेचे वर्षभर छायाचित्रण: चौकट एकच ठेवावी की बदलत राहावे?

माळरान यांचा प्रश्न

गेले चौदा महिने मी एकाच जागेची छायाचित्रे काढत आहे. ती जागा म्हणजे दगडाची एक बंद पडलेली खाण आहे. खड्ड्यात साठलेले पाणी, काठाने माजलेली झुडपे, दोन एकाकी झाडे आणि पलीकडून जाणाऱ्या विजेच्या तारा, एवढाच तिचा ऐवज आहे. तेथे मुद्दाम जाऊन पाहण्यासारखे काही आहे असे कोणीही म्हणणार नाही, आणि मला ती जागा आवडण्याचे एक कारण तेच असावे. महिन्यातून तीन-चार वेळा मी तेथे जातो, तासभर थांबतो आणि पाच-दहा छायाचित्रे काढून परततो.

मागच्या आठवड्यात त्यांतील निवडक चाळीस छायाचित्रे छापून जमिनीवर मांडली, तेव्हा त्यांचे सरळ दोन गट पडत असल्याचे ध्यानात आले. पहिल्या गटात धुके, तांबूस आकाश आणि पाण्यातील प्रतिबिंबे आहेत. ती छायाचित्रे देखणी आहेत, पण भिंतीवरच्या दिनदर्शिकेत कोणत्याही महिन्यावर खपून जातील अशी आहेत. दुसऱ्या गटातील छायाचित्रे एखाद्या पाहणी अहवालाला जोडावीत इतकी कोरडी आहेत. तेथे उभे असताना जी शांतता जाणवते, आणि ऋतू आपल्या नकळत कूस बदलत असल्याची जी चाहूल लागते, ती दोन्ही गटांत उतरलेली नाही. शिवाय एक ऋतू सरलेला असतो पण दुसरा अजून आलेला नसतो, अशा आठवड्यांची छायाचित्रे माझ्याकडे जवळजवळ नाहीतच, कारण तेव्हा 'आज काही दिसत नाही' असे म्हणून मी कॅमेरा पिशवीतून बाहेरच काढला नव्हता.

प्रत्येक खेपेस नेमक्या त्याच बिंदूवरून, त्याच चौकटीत छायाचित्र काढणे हा यावर उपाय ठरेल का? तसे करायचे असल्यास त्यातील काटेकोरपणा कोठपर्यंत पाळावा? माझ्याकडे ट्रायपॉड आणि २४-७० मिमीची झूम लेन्स आहे. नवे साहित्य घेण्याचा विचार नाही.

ओळंबा यांचे उत्तर

उपाय ठरेल की नाही हे तुम्हीच ठरवाल, पण वर्षभर एक तरी चौकट स्थिर ठेवून पाहावी असे मी आग्रहाने सांगेन. आपली स्मृती ऋतूंच्या बाबतीत फार बेभरवशाची असते. झाड कधी विरळ झाले, पाणी किती खाली गेले, हे आपल्याला ठाऊक आहे असे आपण समजतो, आणि दोन छायाचित्रे शेजारी ठेवली की तो समज गळून पडतो.

या पद्धतीचा एक मोठा आणि शिस्तबद्ध प्रयोग अमेरिकेत १९७७ ते १९७९ या काळात झाला. छायाचित्रकार मार्क क्लेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एकोणिसाव्या शतकातील सरकारी भूसर्वेक्षणांच्या वेळी पश्चिमेकडील प्रदेशाची जी छायाचित्रे काढली गेली होती, त्यांपैकी शंभराहून अधिक छायाचित्रांच्या मूळ जागा शोधल्या आणि तेथूनच ती दृश्ये पुन्हा टिपली. मूळ कॅमेरा कोठे उभा होता हे शोधण्याची त्यांची रीत तुमच्याही उपयोगाची आहे. जवळच्या आणि दूरच्या वस्तू एकमेकींच्या संदर्भात कोठे दिसतात, यावरून उभे राहण्याची जागा ठरते. तुम्ही हातभर डावीकडे सरकलात तर दूरची टेकडी जागची हलणार नाही, पण जवळचा दगड तिच्यापुढून उजवीकडे सरकलेला दिसेल. म्हणून पहिल्या छायाचित्राची छोटी प्रत सोबत न्यावी, तिच्यावर जवळचे दोन आणि दूरचे दोन बिंदू खुणावून ठेवावेत, आणि ते चारही बिंदू परस्परांशी जुळेपर्यंत ट्रायपॉड हलवावा. खाणीत हे सोपे जाईल, कारण खडकाच्या कडा वर्षभरात जागा सोडत नाहीत. झुडपाच्या फांदीवर मात्र विसंबू नये.

ट्रायपॉडच्या मध्यदांड्याला दोरी आणि वजन बांधून ओळंबा सोडावा आणि तो जेथे टेकेल तेथे खडकावर बारीक खूण करावी. जमिनीपासून लेन्सची उंची फुटपट्टीने मोजून वहीत लिहावी. झूम लेन्स असली तर तिच्यावर छापलेल्या आकड्यांपैकीच एक निवडावा, समजा ३५ किंवा ५०, कारण मधल्या जागी थांबवलेले कडे पुढच्या वेळी नेमके त्याच जागी येत नाही. काटेकोरपणाचे विचारता आहात तर एवढेच सांगतो की चौकट थोडी रुंद आली असेल तर ती नंतर कापून जुळवता येते, पण उभे राहण्याची जागा चुकली असेल तर कोणत्याही संगणकीय करामतीने दृष्टिकोन दुरुस्त होत नाही. तेव्हा सगळी चिकाटी जागेवर खर्च करावी आणि बाकीच्या बाबतीत थोडी सवलत घ्यावी.

वेळेविषयी मात्र गोंधळ होऊ देऊ नका. दर वेळी सकाळी आठ वाजता जाणे म्हणजे दर वेळी त्याच प्रकाशात जाणे नव्हे. पृथ्वीचा अक्ष सुमारे २३.४ अंशांनी कललेला असल्यामुळे, उष्णकटिबंधाबाहेर कोठेही, मध्यान्हीच्या सूर्याची उंची वर्षभरात सुमारे ४७ अंशांनी बदलते. सूर्य उगवण्याची क्षितिजावरील जागाही सरकते. विषुववृत्तावर तिची दोन टोके सुमारे ४७ अंश दूर असतात, ४५ अक्षांशावर सुमारे ६८ अंश आणि ६० अक्षांशावर १०० अंशांच्याही पुढे. हे सरकणे विषुवदिनांच्या आसपास सर्वांत वेगाने होते आणि अयनदिनांच्या सुमारास जवळजवळ थांबल्यासारखे वाटते, त्यामुळे ज्या भिंतीवर आज उन्हाची तिरीप पडते तीच भिंत तीन आठवड्यांनी त्याच घटकेला सावलीत असू शकते. घड्याळाची वेळ स्थिर ठेवावी की सूर्याची उंची, याचा निर्णय एकदाच घ्यावा आणि तो पाळावा. मी स्वतः घड्याळ स्थिर ठेवतो, कारण मग सावल्यांचे हे लांबणे-आखडणे हाच छायाचित्रांचा विषय होतो. झाडापाण्यातील बदलच तेवढा दाखवायचा असेल तर ढगाळ दिवस निवडणे बरे.

सावली यांचे उत्तर

ओळंबा यांनी पद्धत उत्तम सांगितली आहे, पण मूळ दुखण्यावर ती पद्धत हे औषध आहे असे मला वाटत नाही. स्थिर चौकट बदल मोजते, आणि माळरान यांची तक्रार मोजमाप कमी पडते अशी नाही. त्यांच्या चाळीस छायाचित्रांपैकी एक रास तर आधीच अहवालासारखी झालेली आहे, तिच्यात आणखी बावन्न पाने घालून काय साधणार?

योसेफ सुदेक यांचे उदाहरण येथे आठवते. पहिल्या महायुद्धात उजवा हात गमावलेल्या या छायाचित्रकाराने प्रागमधील आपल्या कार्यशाळेच्या खिडकीची छायाचित्रे १९४० पासून १९५४ पर्यंत काढली. वरवर पाहता हे एकाच चौकटीचे काम वाटते, परंतु त्यात स्थिर असते ती फक्त खिडकी. कधी काचेवर जमलेले दव हा विषय असतो आणि बाहेरचे वेडेवाकडे झाड त्यामागे नुसते सुचवलेले असते, तर कधी काच स्वच्छ असते आणि त्या झाडावरचा हिमाचा थर ठळक दिसतो. कधी ओघळणारे थेंब आणि कधी खिडकीच्या कट्ट्यावर ठेवलेली एखादी वस्तू समोर येते. ऋतू त्यांना बाहेर जाऊन शोधावा लागला नाही, तो काचेवर येऊन बसला. जागा एक आणि नजर अनेक, असा तो हिशेब आहे.

तुमच्या खाणीतही अशी एखादी 'काच' असेलच. ऋतू जिच्यावर आपली नोंद करून जातो अशी ती वस्तू असते, आणि बहुधा ती संपूर्ण दृश्यापेक्षा फार लहान असते. माझ्या बाबतीत ती गुरांच्या पाणवठ्याकाठचा चिखल निघाली. सहा महिने मी विस्तीर्ण दृश्ये टिपत होतो आणि सगळी गंमत पायाखाली चालली होती. चिखल ओला असताना खुरांचे ठसे, तो आटू लागला की ठशांच्या कडांना पडलेल्या भेगा, पुढे त्या भेगांत अडकलेले गवताचे बी, आणि शेवटी त्याच भेगांच्या रेषेत उगवलेले कोंब. ही छायाचित्रे मी कमरेएवढ्या उंचीवरून, लेन्स सरळ खाली रोखून काढली आणि आकाश एकाही छायाचित्रात नाही. आकाश वगळल्याबरोबर दिनदर्शिकेचा रंग आपोआप उतरतो, हा माझा अनुभव आहे.

आता कोरडेपणाविषयी. त्याला एवढे घाबरू नये. १९७५ मध्ये अमेरिकेतील रॉचेस्टर येथील जॉर्ज ईस्टमन हाउस या संग्रहालयात विल्यम जेन्किन्स यांनी दहा छायाचित्रकारांचे 'न्यू टोपोग्राफिक्स' नावाचे प्रदर्शन मांडले होते. त्यात रॉबर्ट ॲडम्स, लुईस बॉल्ट्झ, स्टीफन शोर, बर्न्ड आणि हिला बेखर यांच्यासारखे लोक होते, आणि त्यांनी टिपलेल्या गोष्टी म्हणजे गोदामांच्या भिंती, नव्या वसाहती, वाहनतळ आणि खाणींवरचे जुने मनोरे. आज त्या कोरडेपणाकडे एक वेगळी दृष्टी म्हणून पाहिले जाते. मात्र त्यांचा कोरडेपणा हा निवडलेला होता. क्षितिज कोठे कापायचे, खांब चौकटीत कोठे उभा राहायचा, याचा विचार प्रत्येक छायाचित्रात दिसतो. बेखर दांपत्य तर सावल्या नकोत म्हणून मुद्दाम ढगाळ हवेची वाट पाहत असे. तुमच्या दुसऱ्या गटातील छायाचित्रे कोरडी आहेत की केवळ निष्काळजी आहेत, हे एकदा कठोरपणे तपासून पाहावे. माझा अंदाज आहे की विजेच्या तारा टाळण्याच्या खटपटीत त्यांतील अनेक चौकटी बिघडलेल्या असतील.

दवबिंदू यांचे उत्तर

वरील दोघांच्या वादात मी पडत नाही. धुक्याविषयी आणि फिकट प्रकाशाविषयी थोडे लिहितो, कारण बहुतेक चुका तेथेच होतात.

धुके योगायोगाने भेटत नाही, त्याचा अंदाज बांधता येतो. रात्री आकाश निरभ्र असेल, वारा जवळजवळ पडलेला असेल आणि जमिनीत ओल असेल, तर जमीन आपली उष्णता झपाट्याने गमावते, तिच्यालगतची हवा थंड होते आणि पहाटेपर्यंत धुके धरते. थंड हवा जड असल्यामुळे ती उतारावरून खाली वाहत खड्ड्यात साठते, म्हणून तुमच्या खाणीत भोवतालच्या सपाट जमिनीआधी धुके दिसेल आणि ते उशिरापर्यंत टिकेल. दुसरा प्रकार पाण्यावरून वाफेसारख्या उठणाऱ्या धुक्याचा. थंडीच्या सुरुवातीला हवा एकदम गार होते, पण पाणी अजून उबदार असते, तेव्हा ते दिसते. हे धुके विरळ असते, पटकन हलते, आणि सेकंदाच्या चौथ्या हिश्श्याएवढे एक्स्पोजर दिले तरी त्याचे पदर पुसले जातात. ते पदर हवे असतील तर शटरचा वेग वाढवावा आणि त्यासाठी आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशसंवेदनशीलता) वाढला तरी खंत करू नये.

कॅमेऱ्याचा प्रकाशमापक समोरचे दृश्य मध्यम करड्या छटेचे आहे असे गृहीत धरतो. त्यामुळे धुके किंवा बर्फ यांनी चौकट भरलेली असेल तर तो छायाचित्र काळपट करून ठेवतो. अशा वेळी एक स्टॉप (म्हणजे दुप्पट प्रकाश), आणि उन्हातला बर्फ असेल तर दीड ते दोन स्टॉप अधिक प्रकाश द्यावा आणि हिस्टोग्रामचा, म्हणजे उजळ-गडद छटांच्या आलेखाचा, उजवा काठ फक्त चाचपून पाहावा. रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या) स्वरूपात काढत असाल तर पुढे फारसे अडत नाही, पण तरीही व्हाइट बॅलन्स (प्रकाशाची रंगछटा जुळवणारी मांडणी) स्वयंचलित ठेवू नका. ढगाळ हवेतील निळसर झाक आणि सायंकाळची पिवळी झाक हीच तर ऋतूची खूण असते आणि स्वयंचलित व्यवस्था ती इमानेइतबारे पुसून टाकते. ५५०० केल्विनवर स्थिर ठेवले की वर्षभराच्या छायाचित्रांना एक समान मोजपट्टी मिळते.

पोलरायझर (चकाकी कमी करणारा, लेन्सवर फिरवायचा फिल्टर) असेल तर तो निळ्या आकाशासाठी राखून ठेवू नये. त्याचा खरा उपयोग पावसाने भिजलेल्या पानांवर आणि खडकांवर होतो. पृष्ठभागावरची चकाकी गेली की खालचा रंग वर येतो. पाण्यावर मात्र तो जपून फिरवावा, नाहीतर प्रतिबिंबासकट सगळेच निघून जाते. एक ते दोन स्टॉप प्रकाश कमी होतो हेही ध्यानात ठेवावे. आणि थंडीतून घरात आल्यावर कॅमेरा हवाबंद पिशवीत तसाच राहू द्यावा, तो खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय पिशवी उघडू नये. उबदार हवेतील बाष्प थंड काचेवर लगेच जमते. एकदा उतावीळपणाने मी लेन्सच्या आतल्या भागावर धुके धरवून घेतले होते आणि पुढची दोन दिवसांची कामे रद्द करावी लागली होती.

माळरान

सर्वांचे आभार. सावली यांचा अंदाज खरा निघाला. चाळीसपैकी सत्तावीस छायाचित्रांत तारा टाळण्यासाठी मी कॅमेरा खाली झुकवलेला आहे आणि त्यामुळे दूरचा काठ चौकटीच्या वरच्या कडेला चिकटून बसला आहे. इतके दिवस ते माझ्या ध्यानात कसे आले नाही, कोण जाणे.

आता एकच शंका उरते. मधल्या आठवड्यांचे काय करावे? तेव्हा खरोखरच सगळे मातकट आणि विस्कटलेले दिसते.

उंबरठा यांचे उत्तर

मातकट दिसते तेव्हाच जावे. ऋतूचा भर असतो त्या दिवसांत सारे काही एकाच दिशेने बोलत असते, म्हणून तेव्हाची छायाचित्रे एकमेकांसारखी होतात. मधल्या आठवड्यांत मात्र एकाच चौकटीत दोन ऋतू नांदत असतात. एकाच जातीच्या दोन झाडांपैकी एक निष्पर्ण होते आणि वाऱ्याच्या आडोशाला असलेले दुसरे अजून पाने धरून असते. पाण्याचा काठ आटून मागे गेलेला असतो, पण पूर्वीच्या काठावर वाळलेल्या शेवाळाची रेघ उरलेली असते. हे असे अर्धवट काहीतरी शोधायचे, असे मनाशी ठरवून गेलात तर तासभर कमी पडेल. भडक ऊन या विषयाला मारते. पातळ ढगांतून येणारा, सावली आहे की नाही असा संभ्रम पाडणारा प्रकाश त्याला मानवतो, कारण मातकट रंगांतील बारीक फरक त्यातच वेगळे दिसतात. संस्करण करताना सॅच्युरेशन (रंगांचा गडदपणा) वाढवून त्यांना सजवू नये. कॉन्ट्रास्ट हवाच असेल तर मधल्या छटांपुरता, अगदी हलका द्यावा.

दर खेपेला कॅमेरा बाहेर काढण्याआधी वहीत चार ओळी लिहाव्यात: पाणी कोणत्या दगडापर्यंत आहे, कोणते झुडूप फुलावर आहे, वारा कोठून आहे, कोणता आवाज येतो. ऐकलेला आवाज छायाचित्रात येत नाही हे खरे, पण तो ज्या दिशेने आला तिकडे आपण पाहतो आणि पुष्कळदा तेथेच काहीतरी सापडते. पुढे छायाचित्रे मांडताना ती महिन्यांच्या क्रमाने लावण्याचा मोह मात्र आवरावा. तो क्रम वाचकाला आधीच पाठ असतो. पाण्याच्या पातळीनुसार लावून पाहा. मग वर्षाच्या दोन टोकांचे दोन दिवस शेजारी येतील आणि त्यांच्यात काय वेगळे आहे ते पाहणाऱ्याला स्वतः शोधावे लागेल.

कडेलोट यांचे उत्तर

दोन कोरड्या पण आवश्यक गोष्टी. बंद खाणींच्या कडा पाऊस आणि गोठण-वितळण यांमुळे सुटत राहतात आणि त्यांतील पाणी काठापासूनच एकदम खोल असते, तेव्हा ट्रायपॉड कडेपासून दूर मांडावा, एकट्याने जाताना कोणाला तरी सांगून जावे आणि जमीन ज्याची असेल त्याची परवानगी घ्यावी. दुसरे असे की छायाचित्रे सर्वांसमोर ठेवण्यापूर्वी फाइलमधील जीपीएस नोंद काढून टाकावी. दुर्लक्षित जागा दुर्लक्षित असल्यामुळेच शांत राहिलेली असते, आणि कपारींत घरटी करणाऱ्या पक्ष्यांना गर्दी अजिबात मानवत नाही.

माळरान

आज सकाळी जाऊन आलो. आकाश भरलेले होते, वारा नव्हता. परवानगी सुरुवातीलाच घेतलेली आहे, आणि जीपीएसची नोंद कॅमेऱ्यातूनच बंद केली.

ओळंबा यांच्या पद्धतीने एक जागा पक्की केली. लेन्सची उंची १४२ सेंटिमीटर, ५० मिमी, तारा चौकटीत पूर्ण घेतल्या. हे एक छायाचित्र दर आठवड्याला काढीन. त्यानंतर मात्र लेन्स ७० वर नेऊन पाण्यापलीकडच्या भिंतीकडे पाहत बसलो, आणि सावली यांनी म्हटलेली 'काच' तेथे सापडली असे वाटते. पाणी जसजसे उतरत गेले तसतशी प्रत्येक टप्प्यावर खडकावर एक फिकट आडवी रेघ राहिली आहे. आज अशा सात रेघा मोजल्या. सर्वांत वरच्या रेघेच्या खाचेत गवत उगवून वाळलेले आहे, तिसऱ्या रेघेवर शेवाळाचा पापुद्रा सुटून लोंबतो आहे आणि सर्वांत खालची अजून ओली आहे. चौदा महिने ही भिंत माझ्या प्रत्येक छायाचित्रात आहे.

एक अडचण आहे. भिंत समोरून सपाट दिसते आणि रेघा ढगाळ प्रकाशात फार पुसट येतात. उन्हाची वाट पाहावी का?

ओळंबा यांचे उत्तर

ऊन हवे, पण समोरून पडणारे नको. भिंतीला घासून जाणारे ऊन हवे, म्हणजे प्रत्येक रेघेच्या उंचवट्याची बारीक सावली तिच्याखाली पडेल. भिंतीचे तोंड होकायंत्राने पाहून वहीत लिहा आणि सूर्य त्या दिशेपासून साधारण ८० अंश बाजूला असेल असा तारखेचा आणि वेळेचा मेळ काढा. वर्षातून फार थोडे दिवस तो सोयीच्या वेळी येतो, त्यामुळे ते दिवस आधीच खूण करून ठेवावेत. तोपर्यंत ढगाळ प्रकाशातली पुसट रेघही टिपत राहा. पाणी पुन्हा चढले की खालच्या रेघा दिसणार नाहीत.

माळरान

भिंतीचे तोंड ईशान्येला आहे. उद्या पहाटे तिच्यावर ऊन कोठवर येते ते पाहून येतो आणि येथे लिहितो.